सारांशातून गाळलेली ओळ

"रिक्षातून उतरून दारापर्यंत चालत आले, तर ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. घरी चालवून बघितलं नव्हतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला होता. मास्कमुळे बाईंचा चेहरा कळेना, पण आवाज मी लगेच ओळखला. तीन आठवडे तो रोज मोबाईलवर ऐकत होतो.

कोरोनाची दुसरी लाट होती. जिल्ह्यातले काही डॉक्टर दिवसभर वॉर्डात राबून संध्याकाळी ऑनलाइन यायचे. आज काय दिसलं, आपलं काय चुकलं, हेही मोकळेपणी सांगायचे. देवरूखजवळच्या आमच्या वाडीत रेंजची बोंब. म्हणून मी, शाळामास्तर, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन ऐकायचो, वहीत उतरवायचो आणि गावाच्या ग्रुपवर सारांश टाकायचो. पाच ओळींच्या वर कोणी वाचत नाही, असा माझा ठाम समज. तीस वर्षं मुलांना सारांश शिकवल्याची ही खोड. "गुरुजी, झकास" असे मेसेज आले की मी फुशारून जायचो.

एका संध्याकाळी बाईंनी पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, कसा वापरायचा ते सांगितलं. बसून मोजा, मग घरातच सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. या आजारात बसलेल्या माणसाचा आकडा फसवतो. चालल्यावर आकडा खाली आला तर दवाखान्यात यायला थांबू नका.

ग्रुपवर मी लिहिलं, "ऑक्सिजन दिवसातून तीनदा मोजा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर दवाखाना गाठा." चालण्याचं गाळलं. बाई पाल्हाळ लावतात, असं मला वाटलं होतं.

आठवड्याभरात दादाला ताप आला. वहिनी त्याला खुर्चीत बसवून मोजायची. शहाण्णव, पंचाण्णव. चार दिवस आम्ही निर्धास्त. पाचव्या दिवशी न्हाणीतून येताना तो भिंत धरून उभा राहिला, तेव्हा रिक्षा बोलावली.

अकरा दिवस मी दवाखान्याबाहेर बसून होतो. बाराव्या दिवशी बाई म्हणाल्या, "वाचले. पण फायब्रोसिस झालंय, म्हणजे फुप्फुसावर व्रण राहिलेत. पूर्वीसारखा दम राहणार नाही. दोन दिवस आधी आणायला हवं होतं." चालण्याचं मीच गाळलं होतं, हे त्यांना सांगायची लाज वाटली.

आंब्याच्या कलमांवर सरसर चढणारा दादा आता घरापुढच्या खळ्यात दोन फेऱ्या मारल्या की पडवीत टेकतो. महिनाभराने त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे बाईनं सांगितलंन होतं?" त्याने विचारलं.

"हो. मीच गाळलं."

 तो म्हणाला, "मी तू ल्हिवलंस तसाच केलं." त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ग्रुपवरचा तो मेसेज मी पुसलेला नाही. त्याच्याखाली सुटलेलं वाक्य आणि माझी चूक लिहिली. तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टरांचं म्हणणं मुळातून ऐका, माझ्यासारख्याचा सारांश वाचून थांबू नका. त्या थकलेल्या माणसांनी आपल्याला हातचं राखून काही सांगितलं नव्हतं.

दादाला सांगितलं त्याच दिवशी त्याने माझी वही आणायला लावली. "आता सगला वाच," म्हणाला. बाईंनी चिमट्याचं सांगितलं त्या संध्याकाळचं टिपण मी पहिल्या शब्दापासून वाचलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली.