जळला नव्हता तो रोल

अकोल्याच्या माझ्या स्टुडिओत एका मुलीचा रोल जळला, असं मी तिला आणि तिच्या आईला सांगितलं होतं. तो जळला नव्हता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सध्या अमरावतीच्या घरी बसून जुने निगेटिव्ह स्कॅन करून राहिलोय. दुकान मुलगा पाहतो. "बाबा, या कचऱ्याचं काय करता?" म्हणतो, पण स्कॅनर त्यानंच आणून दिला. पाकिटातून निगेटिव्ह काढायचा, धूळ फुंकायची, काचेवर ठेवून झाकण लावायचं. मग पडद्यावर वरून खाली हळूहळू माणूस उतरतो. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. डार्करूममध्ये कागदावर चेहरा उमटायचा, त्याच्या जवळ जाणारं आता एवढंच उरलंय.

अकोल्याची डार्करूम म्हणजे जिन्याखालची जागा. उन्हाळ्यात नळाचं पाणी असं तापायचं की रोल धुताना फिल्मवरचा थरच सुटून यावा. मग समोरच्या रसवंतीतून बर्फ आणायचा, फडक्यात कुटायचा आणि भांड्याभोवती रचायचा. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास जेवतानाही बोटांना यायचा. बाहेर आरसा, दात तुटलेले कंगवे आणि सगळ्या गावासाठी मिळून पावडरचा एक डबा. लोक आत यायचे, चेहरा सारखा करायचे आणि श्वास रोखून बसायचे. फोटो कसा आला, हे त्यांना आठवडाभरानं कळायचं. तोवर तो फक्त मला ठाऊक.

मॉडेल हा शब्द तेव्हा आमच्याकडं मासिकांपुरताच होता. कुणाला फोटोसाठी मुलगी हवी असली, तर ओळखीतल्या घरी जाऊन आईबापांना विचारायचं. एका साडीवाल्याला कॅलेंडरसाठी चेहरा हवा होता. "आपल्याच गावची पोरगी पाहा भाऊ, मुंबईची नोको," एवढं सांगून त्यानं शोध माझ्यावर सोपवला.

मी नाकडोळे फारसे पाहत नसे. ज्या मुलीला आपल्या हातांची अडचण होत नाही, तिचा फोटो चांगला येतो, हा माझा अनुभव. स्टुडिओसमोर एक बाई हार विकायला बसत. पातूरकडच्या त्यांच्या शेतातली शेवंती असायची. त्यांची वीसेक वर्षांची लेक शेजारी गजरे ओवायची. सावळी नव्हे, चांगली काळी. दोरा दातात धरून मान अशी तिरपी करायची की काम सोडून पाहत राहावं. मी विचारलं तेव्हा आईच हसायला लागली.

"हिचा? भाऊ, आंधये झाले का तुमी?"

"काढू दे ना वं माय," लेक म्हणाली, "तुयं काय जाते?"

ठरल्या दिवशी दोघी आल्या. आईनं पावडरचा डबा उघडला आणि लेकीच्या तोंडावर थापायला सुरुवात केली. "माय, भाकर थापून राहिली का तू?" म्हणत तिनं सगळी पावडर पदरानं पुसून टाकली. साडी दुकानदाराचीच होती. माझा दोन भिंगांचा कॅमेरा होता, त्यात वरून मान घालून पाहावं लागे. समोरच्याला वाटतं, हा आपल्याकडं बघतच नाही, आणि तो मोकळा होतो. ती तर फारच मोकळी झाली.

कॅलेंडरचे खरे फोटो रंगीत काढायचे होते, पण रंगीत रोल धुवायला नागपूरला जायचा. म्हणून पसंतीपुरता आधी ब्लॅक अँड व्हाइट रोल काढला आणि जिन्याखाली धुतला. ओली फिल्म चिमट्याला टांगून बल्बसमोर पाहिली आणि तिथंच कळलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. नंतरही झालं नाही.

दुकानदारानं प्रिंट बराच वेळ पाहिले. "झकास हायेत," म्हणाला. मग म्हणाला, "थोडी गोरी करा."

ते आमचं रोजचंच काम होतं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक रेघा मारायच्या. जिथं शिसं लागतं, तिथं प्रिंटमध्ये उजळ येतं. स्थळाला पाठवायच्या फोटोंवर मी ते न सांगता करायचो. हिच्याही एका निगेटिव्हवर गाल उजळला. दुकानदारानं तोही प्रिंट परत केला. मग मी एका बँकवाल्याची गोरी मुलगी शोधली. ती दारासारखी ताठ उभी राहिली आणि कॅलेंडर छापून झालं.

हारवालीच्या लेकीला काय सांगायचं? आमच्या धंद्यात एक तयार उत्तर होतं. फोकस चुकू दे, फ्लॅश न पडू दे, मुहूर्ताच्या वेळी फोटोग्राफर जेवायला गेलेला असू दे, गिऱ्हाइकाला सांगायचं, रोल जळला, म्हणजे उजेड लागून वाया गेला. अंधाऱ्या खोलीत काय होतं ते कुणी पाहिलेलं नसायचं. आता कॅमेऱ्याच्या पाठीवरच फोटो दिसतो, ती सोय राहिली नाही.

"तुझा रोल जळला," मी म्हणालो.

आई म्हणाली, "जाऊ द्या भाऊ." लेक म्हणाली, "मंग पुन्हा काढा ना. साडी हाये अजून घरी."

दुकानदाराला घाई आहे, असं मी सांगितलं. तिनं दोरा उचलला आणि ओवायला लागली. जानेवारीत तेच कॅलेंडर त्यांच्या हाराच्या बांबूला टांगलेलं दिसलं. आईनं त्याच दुकानातून साडी घेतली, तिच्यावर ते फुकट मिळालं होतं. मी स्वतःला समजावलं, पोरीला नकार ऐकावा लागला नाही, बरंच केलं. बरीच वर्षं तसंच वाटत राहिलं.

मग दोनेक वर्षांपूर्वी नांदगाव पेठेजवळ एका लग्नाचं काम होतं. मी नुसता सवयीनं मुलाबरोबर गेलो होतो. तो ओरडत होता, "वधूची आई कुठंय? एकाही फोटोत नाही."

नवरी म्हणाली, "माय फोटोत येतच नाही. आधार कार्ड सोडलं तर घरी तिचा एकबी फोटो नाही."

मी बोलवायला गेलो, मागोमाग नवरी आणि मुलगाही आले. मंडपामागं ती बायकांबरोबर जेवणाची पानं मोजत होती. मान पाहूनच ओळखलं. तिनंही मला ओळखलं.

"अकोल्याचे फोटोवाले भाऊ ना तुमी?" मग भोवतालच्या बायकांकडं वळून, "पाहा वं, या भाऊनं माया फोटो काढला व्हता. मायं थोबाड पाहून अख्खा रोल जळला! तवापासून मी कोनाच्याच कॅमेऱ्याले तरास देत नाही."

बायका हसल्या. नवरी हसली. माझा मुलगा हसला. मीही हसलो.

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो काय, तर, "चला ना बाई, आता रोल नसतो."

"नोको भाऊ. कॅमेरा नवा दिसते, महाग असंन."

ती पुन्हा पानांकडं वळली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये वधूची आई नाही.

तिचा रोल गेल्या महिन्यात स्कॅनरवर आला. गालावरच्या माझ्या रेघा पडद्यावर ओरखड्यांसारख्या दिसत होत्या. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्या हळूहळू पुसल्या. खालचा चेहरा शाबूत आहे. मुलगा मागं येऊन उभा राहिला. "बाबा, कोण आहे ही? काय फोटो आहे!"

"अकोल्याची एक मॉडेल," मी म्हणालो. तेव्हाही एवढंच बोललो.

तिच्या लेकीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून लावलेला नाही. त्या रोलचे सगळे निगेटिव्ह तिचे आहेत, ते तिला नेऊन द्यायचे आहेत. आणि रोल जळला नव्हता, तिच्या चेहऱ्यात काही खोट नव्हती, मी खोटं बोललो होतो, हे तिला सांगायचं आहे. तेही एकटीला गाठून नव्हे, तर त्या मंडपात हसलेल्या तिच्या माणसांसमोर. हे मी तिचं देणं लागतो.