सिरोंचाच्या रस्त्यावर आईने गाळलेली ओळ

आलापल्लीचं सागवान बघायला कधी जावं, असं विचारणाऱ्यांना मी दरवेळी हिवाळा सांगतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो भर भाद्रपदात, आणि सागवान बघायला नव्हे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही चंद्रपूरचे. आई चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायची आणि माझी मोठी बहीण, सुवार्ताताई, आलापल्लीच्या पुढे सिरोंचा रस्त्यावरच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात नर्स होती. एका सकाळी तार आली. ताईचा हिवताप मेंदूत चढला होता, ताबडतोब निघा. चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि त्यांनी साखळी प्रार्थना लावली. म्हणजे मंडळीतल्या प्रत्येक घराने एकेक तास वाटून घ्यायचा आणि बातमी येईपर्यंत प्रार्थना तुटू द्यायची नाही. मला खरं सांगायचं तर तेव्हा प्रार्थनेपेक्षा एसटीचा भरवसा हवा होता, आणि तोच कुणी देत नव्हतं.

जटपुरा गेटजवळ रिक्षा मिळाली, स्टँडवर गाडीही मिळाली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. आज तुम्ही गाडीने सकाळी निघून दुपारी जेवायला आलापल्लीत पोचाल. तेव्हा खड्डे चुकवता चुकवता ड्रायव्हरचे हात भरून यायचे. गोंडपिपरीला मी आईसाठी आलूबोंडा आणला. तिने तो पदरात बांधून ठेवला आणि विसरून गेली. अख्ख्या रस्त्यात तिचे ओठ हलत होते.

आष्टीला वैनगंगा फुगलेली होती. तिथे मासे धरणारी एक ढिवरीण चढली, सखूबाई. मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी, बेबी, तापाने लालबुंद. आमच्या शेजारी बसली आणि आईच्या हातातलं बायबल बघून बोलायला लागली.

"बाई, तुमी मिशनच्या का? मी बी तिथीच चालली. तिथली नर्सबाई लई चांगली हाये. माह्या भावाचा ताप तिनंच उतरवला."

आईने बायबल पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "तेच नर्सबाई माही पोरगी होय. आता तेच तापानं पडली हाये."

सखूबाईने कपाळाला हात लावला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि आईने बेबीचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले.

आलापल्ली सुटल्यावर दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं. सरळसोट झाडं, त्यांची ती पंख्याएवढी पानं. लोक लांबून येतात हे बघायला. मला त्या दिवशी त्या जंगलाचा नुसता राग आला, कारण ते संपतच नव्हतं. आणि मग गाडी थांबली. पुढचा नाला रपट्यावरून, म्हणजे तिथल्या ठेंगण्या पुलावरून, वाहत होता.

"पाणी उतरल्याबिगर गाडी जाणार नाई," कंडक्टर म्हणाला.

"भाऊ, पोरी मरून राह्यल्या," आई म्हणाली. "एक इथी, एक तिथी."

"बाई, मले समजते. पन चाळीस माणसं घेऊन पाण्यात कशी घालू गाडी?"

बरोबरच होतं त्याचं. मी तरीही त्याच्यावर ओरडलो. काठावर जाऊन उभा राहिलो, पाण्यात एक दगड दिसत होता, तो कधी उघडा पडतो ते बघत. बेबीला झटके यायला लागले. सखूबाईने आईचा हात धरला.

"बाई, तुमच्या देवाले माह्या पोरीचं बी सांगा ना."

आईने बेबीच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली. बेबीचं नाव, मग ताईचं, मग पुन्हा बेबीचं. शेवटी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आम्हाला बोलता यायला लागल्यापासून पाठ असलेली. त्यात देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, अशी एक ओळ येते. त्या ओळीपाशी आई थांबली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती सरळ पुढच्या, रोजच्या भाकरीच्या ओळीवर गेली.

मी चपापलो. लहानपणी एक शब्द गाळला तरी हीच बाई पट्टी मारायची. नाल्यापेक्षा मला त्या गाळलेल्या ओळीची भीती वाटली. देवाला तेवढी मोकळीक द्यायचं आईचं धाडस होत नव्हतं, म्हणजे ताई जगेल असं तिला वाटत नव्हतं.

पाणी जरा ओसरल्यावर लाकूड वाहणारा एक रिकामा ट्रक पलीकडे निघाला. ड्रायव्हरने आम्हा चौघांना केबिनमध्ये कोंबलं. मधोमध पोचल्यावर ट्रक एका बाजूला सरकला. आईने फक्त बेबीचं डोकं घट्ट धरलं.

दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या. ताई बेशुद्ध होती. मोठ्या सिस्टरने बेबीला शेजारच्याच खाटेवर घेतलं. दोघींना तेच क्विनाईन, तेच सलाईन. आई दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसली, एक हात इकडे, एक तिकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने डोळे उघडून पाणी मागितलं. मी बाहेर धावत गेलो आणि गुडघे टेकून रडलो. परत आत आलो तेव्हा सखूबाई बेबीला हलवत होती आणि बेबी हलत नव्हती.

मला झालेला आनंद कुठे लपवावा तेच कळेना.

तिथले मिशनचे धर्मप्रचारक भले माणूस. ते सखूबाईजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, देवाची इच्छा."

आई ताडकन उठली. "भाऊ, ते तिच्यापुढं बोलू नका. माह्या पोरीसाठी माह्या तोंडून ते निघालं नाई. तिच्या पोरीसाठी आपन कोन बोलनारे?"

प्रचारक मागे सरले. सखूबाई आईला म्हणाली, "तुमी तर दोघीचं सांगतलं होतं." त्यात आरोप नव्हता, ती खरंच विचारत होती. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली, ताई हाक मारत होती तरी.

ताईला घेऊन घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी आईला साक्ष द्यायला उभं केलं. प्रार्थना कशी ऐकली गेली ते मंडळीला सांगायचं, अशी आमच्यात रीत आहे. सगळे हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. साखळी त्यांनीच धरली होती ना.

"माही पोरगी वाचली, देवाचे उपकार," आई म्हणाली. "सखूबाईची बेबी गेली. दोघीसाठी मी एकाच तोंडानं मागतलं होतं. एक काऊन वाचली अन् एक काऊन गेली, मले माहीत नाई. तुमाले माहीत असन तर मले सांगू नका. साखळी थांबवू नका. आता सखूबाईच्या घरासाठी धरा."

काहींनी तास घेतले. ती आपल्यातली नाही, असंही कुणी पुटपुटलं. रिकामे राहिलेले तास आईने स्वतः भरले.

त्या रस्त्याने मी नंतर खूपदा गेलो. हिवाळ्यात जंगल खरंच देखणं असतं, जरूर जा. पण मला प्रत्येक नाल्यावर आईच आठवते. पुढेही ती रविवारी त्या ओळीला गप्प राहायची. रुसलीस का देवावर, असं मी एकदा चेष्टेने विचारलं. म्हणाली, "रोज बोलतो आमी. तेवढं एक बोलनं बाकी हाये."

गेल्या वर्षी आईला मातीत ठेवताना सगळ्यांनी मिळून तीच प्रार्थना म्हटली. ती ओळ आली आणि मी थांबलो. मंडळी पुढच्या ओळीवर गेली. शेजारी बघितलं, तर ताईसुद्धा थांबली होती.