धुपाटणं बाहेर गेलं तेव्हा

ह्यांना पुन्हा निमोनिया झाला तेव्हा देवावरचा माझा विश्वासच उडाला. रोज तिन्हीसांजेला गोवरीच्या निखाऱ्यावर धूप घालून घरभर फिरवणारा हा माणूस, आणि देव गुदमरवतो तो त्यालाच? तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावलं. धुरातली डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ थेट छातीच्या तळापर्यंत उतरते. तिथे सूज घर करते, शरीराची राखण करणारी ताकद त्या धुळीशीच झुंजत राहते, मग साधा जंतूही भारी पडतो. भातपेरणीआधी शेतात पालापाचोळा रचून पेटवतात ते राब आपल्या हातात नाहीत. घरातला धूर तेवढा बंद करा, नाहीतर पुढच्या खेपेला माणूस हाती लागणार नाही.

चूल मी त्याच दिवशी बंद केली. धूप मात्र ह्यांनी सोडला नाही. "देवाला ईचारल्याबिगर न्हाय बंद करायचा," एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, चला, विचारू तुमच्या देवाला.

भैरीच्या देवळात गुरवाने कौल लावला, घरातला धूप बंद करायचा का म्हणून. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही हलेना. समोर धुपाटणं धुमसत होतं, दारं लोटलेली, आणि ह्यांचे ओठ निळे पडत चालले होते. कौल सोडून उठायचं नसतं, म्हणून ते बाहेर यायला तयार नव्हते. माझे तर हातही जोडले जाईनात.

तेवढ्यात मागे बसलेली एक अनोळखी बाई उठली. पदराने धरून तिने धुपाटणं उचललं. "ह्ये भायेर नेते, गुरवबाबा. देव काय खोकत न्हाय, ह्यो माणूस खोकतोय." जाताना तिने दार सताड उघडलं. वारा आत आला आणि उजवी पाकळी पडली. वाऱ्याने पडली असेल. हे मात्र जमिनीला कपाळ टेकवून रडले. मी बाहेर धावले, तोवर बाई निघून गेली होती.

खराब झालेली फुप्फुसं काही सुधारली नाहीत. यंदा शेजारचे राब पेटले तेव्हा दारं-खिडक्या लावून बसलो, तरी ताप आलाच. पण ह्यांना मी दवाखान्यातून घरी परत आणलं. आणखी किती दिवस, ते आता देवाला विचारत नाही. सगळं त्याच्यावर सोडलंय. तिन्हीसांजेला हे रिकाम्या हातांनी देवापुढे बसतात. मी शेजारी बसून त्यांचा श्वास ऐकते. आत गेला, बाहेर आला. माझा जप तेवढाच.