दळण बाणाचं

बाईंच्या पर्समधून रुमालाआधी खडू निघायचा. माझ्या गिरणीसमोर थांबायच्या, पाटीवरच्या 'दळन'मधल्या 'न'वर फुली मारायच्या आणि शेजारी 'ण' लिहायच्या. "न नळाचा, ण बाणाचा. दळण बाणाचं, गिरणीवाले." एवढं बोलून शाळेच्या वाटेला लागायच्या. त्या वळल्या की मी फडक्याने पुसायचो. पाटी माझी, रंग माझा, 'न'सुद्धा माझाच. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढा तरी हक्क असावा.

अख्खं गाव म्हणजे आपला वर्ग, असं समजणारी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमच्या नशिबी ही होती.

पुण्याजवळच्या खराडीत तेव्हा शेतांवर काचेच्या इमारती उगवत होत्या. त्या बांधायला यवतमाळकडची माणसं आली, त्यांत बसायला कुठकुठची. बांधणारे पत्र्याच्या खोल्यांत राहून ज्वारी खात, बसणारे सोसायटीत राहून गहू. माझा नियम साधा होता. सकाळी गहू, दुपारी ज्वारी, संध्याकाळी गिरणी बंद. ज्वारीमागून गहू टाकला की पोळी काळपट होते, आणि सोसायटीला बाकी काही कळो न कळो, पोळीचा रंग लगेच कळतो.

शाळा मात्र दुपारची. मजुरी हातात पडेल तशी ज्वारी आणायची, आजचं पीठ आजच हवं, आईबाप कामावर. मग डबा घेऊन रांगेत कोण बसणार? पोरी. त्यातली एक सातवीत होती. डोक्यावर डबा, कडेवर भाऊ, आणि भावाच्या हातात तिचं पुस्तक. तो ते चघळायचा. पुस्तकाचा उपयोग त्या घरात फक्त त्यालाच होत होता.

बाई आल्या आणि म्हणाल्या, ज्वारी सकाळी दळा.

"जमणार नाही. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा."

"मग बरंच झालं. बदलायला कुणाची परवानगी नको."

मी काही बदललं नाही. बाईंनीही काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अख्खी सातवी उचलून माझ्या गिरणीत आणली. पोरं पोत्यांवर, बाई तराजूपाशी. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून अपूर्णांक शिकवू लागल्या. दळणाला आलेल्या बायकाही पाव आणि पाऊण शिकल्या. मी शिकलो नाही. मी गिरणी चालवत होतो.

चार दिवस हा तमाशा चालला. मी म्हटलं, थकतील. पाचव्या दिवशी वर्ग नाही, पण बाई त्या पोरीच्या बापाला घेऊन दारात उभ्या. अंगावर सिमेंट, मान खाली. त्याने पोरीला सोमवारपासून सोसायटीत भांड्याच्या कामाला लावायचं ठरवलं होतं.

"पोरगी गिरनीतच बसून राह्यते, बाई," तो म्हणाला, "मंग शाळा कायले पाह्यजे?"

मला माणूस आवडला. गिरणीला 'गिरनी' म्हणत होता, नळाचा 'न'. बाईंनी त्याला दुरुस्त केलं नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्यांनी फक्त माझ्याकडे बोट केलं. "दळणाचं यांना विचारा."

पोरगी रांगेत होती. तिने भावाच्या तोंडातून पुस्तक काढून घेतलं आणि पदर नसलेल्या फ्रॉकला पुसलं. बघत होती ती जात्याकडे, माझ्याकडे नाही.

"उद्यापासून ज्वारी आधी," मी म्हटलं. "या बाईंचा आवाज माझ्या मशीनला सोसत नाही."

बाप मान हलवून कामावर परतला. बाईंनी आभार मानले नाहीत. खडू काढला, फुली मारली, 'ण' लिहिला. मी पुसायला फडकं उचललं, पण हात पिठाचे होते.

सोसायटीतून एक चष्मेवाला आला. "काका, कस्टमर फर्स्ट असतं." मी म्हटलं, असतं ना, ती बघा रांगेत पहिली बसलीय. त्यानंतर तो पिशवीतलं पीठ आणू लागला. देव त्याच्या पोळ्या पांढऱ्या ठेवो.

पुढे बाईंची बदली पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्वेनगरला झाली. म्हणजे आमच्या हिशेबाने परदेशात. जातानाही निरोपाचं भाषण नाही, खडूच.

ती पोरगी आता बसमध्ये कंडक्टर आहे. भल्याभल्यांना पुढे सरकवते. ओळखीचा म्हणून मला तिकीट सोडत नाही, सुटे मागते आणि वर रागावते. मागच्या महिन्यात तिकीट देऊन झाल्यावर ती पुढे सरकली नाही. "बाबा, बाई गेल्या," एवढंच म्हणाली. मग घंटी मारली. बस निघाली.

आता पत्र्याच्या खोल्या राहिल्या नाहीत. मी मात्र सकाळी ज्वारीच दळतो. आणि रांगेत कोण, तर तोच चष्मेवाला. डॉक्टरने गहू बंद केलाय म्हणे. भल्या सकाळी डबा धरून मुकाट उभा असतो, कस्टमर असून.

पाटी जुनी झाली होती, म्हणून नवी करायला टाकली. पेंटर शिकलेला निघाला. म्हणाला, "बाबा, 'दळन' चुकलंय. बाणाचा ण पाहिजे."

"माहितेय. तू नळाचाच काढ."

त्याने ब्रश बुडवला.

"आणि शेजारी एक अक्षर मावेल एवढी जागा सोड."