दुसरा गिअर धरून बसलेला पाहुणा

परवा भाच्याच्या नव्या गाडीतून पन्हाळ्याला गेले. गाडीत गिअर टाकायची भानगडच नाही… आपलं आपण सगळं होतं. घाटातल्या एका वळणावर मला दस्तगीरभाईंची पिकअप आठवली आणि मी एकटीच हसत सुटले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शाहूपुरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी क्लार्क होते. मालवाहू पिकअपचं एक नवीन मॉडेल आलं होतं, आणि गाडीमालकांच्या तक्रारी लिहून घेणं हे माझं काम. अख्ख्या वर्कशॉपात बाई मी एकटीच, त्यामुळे लोक निदान शिव्या गाळून बोलायचे.

कुणाच्या शाफ्टचा जॉइंट खडखडायचा, कुणाची क्लचप्लेट जळायची… पण सगळ्यात जास्त रडगाणं दुसऱ्या गिअरचं. चढाला गाडी जोर करायला लागली की तो आपोआप सुटायचा आणि गाडी मागे यायला लागायची. भरल्या गाडीत लोकांचा जीव टांगणीला लागायचा.

दस्तगीरभाई कबनूरचे. मागावरच्या कापडाचे गठ्ठे घाटाखाली पोचवायचे आणि येताना मिळेल तो माल घेऊन घाट चढायचे. त्यांचा गिअरबॉक्स दोनदा उघडून झाला होता. कंपनीचं उत्तर ठरलेलं… ड्रायव्हरची चूक, जादा माल.

गॅरंटी संपायला महिनाच उरला होता. आणि व्यापाऱ्यानं सांगून ठेवलं होतं, आता गाडी वाटेत बसली तर काम दुसऱ्याला देणार. सहा माणसांचं घर त्या एका गाडीवर चाललं होतं.

मी पत्रांवर पत्रं टाइप केली. शेवटी पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर साहेब येणार असं ठरलं. मी या गिअरनं छळलेल्या आठ मालकांना निरोप धाडले… या, आणि तोंड उघडून काय ते सांगा.

आले की! आठही जण आले, इस्त्रीचे कपडे घालून, गाड्या धुऊन, हार घेऊन. साहेबांना आधी फेटा बांधला. मग खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा, आणि वाटी रिकामी होईल तसा आग्रह. साहेब घामाघूम, पण एकदम खूश.

हात धुऊन झाल्यावर साहेबांनी वही उघडली. "हं, सांगा आता. काय त्रास आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एक जण म्हणाला, "तरास कसला साहेब? गाडी एक नंबर हाय." दुसरा म्हणाला, "बारीकसारीक चालायचंच की." आणि आमचे दस्तगीरभाई? खाली मान घालून, "काय न्हाय, काय न्हाय…"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर माझ्या टेबलावर मुठी आपटणारी हीच माणसं! ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती?

दस्तगीरभाईंना बाजूला घेऊन चांगलं झापलं. तर म्हणाले, "ताई, आत्ता आपल्यात जेवलेल्या पावण्याला तोंडावर कसं म्हणायचं, तुमची गाडी खराब हाय म्हणून?"

साहेबांनी वहीत 'तक्रार नाही' असं लिहूनही टाकलं. पण कोल्हापुरात आलेला पाहुणा पन्हाळा न बघता कसा जाईल? दस्तगीरभाईंची गाडी रिकामी होती. बाकीचे सातही जण हौसेनं मागे हौद्यात चढले, आणि तक्रारींची फाइल देऊन वर्कशॉपच्या मालकांनी मलाही पाठवलं.

मी बाई, म्हणून खिडकीची जागा मला. साहेब मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे लावून बसलेले.

घाट लागला. दस्तगीरभाईंनी दुसरा टाकला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवत, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "ह्यो दाबून धरा जरा. सोडू नगासा."

साहेबांनी धरला. दांडा थडथडत होता… एका हातानं भागेना, तसा दुसराही लावला. पुढच्या वळणावर दस्तगीरभाईंच्या लक्षात आलं की आपण कुणाला कामाला लावलंय.

"माफ करा साहेब. शेजारी बसंल त्यानं धरायचा, सवय हाय तशी."

"कधीपासून?"

"गाडी घेतल्यापास्नं."

"आणि सोडला तर?"

दस्तगीरभाईंनी आरशातून मागच्या हौद्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "सोडू नका साहेब, मागे सात माणसं आहेत."

साहेब वरपर्यंत दांडा धरून बसले. उतरल्यावर तळहात बघितले, तर लालबुंद. मग त्यांनी माझ्याकडची फाइल मागून घेतली. पन्हाळ्यावर आलेला माणूस तटावरून खाली बघतो… हे साहेब बॉनेटवर फाइल ठेवून एकेक तक्रार वाचत उभे राहिले.

वहीतलं 'तक्रार नाही' त्यांनी खोडलं आणि एकेकाला नाव घेऊन विचारलं. मग काय! सात-आठ तोंडं एकदमच सुटली. मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गॅरंटी संपायच्या आत आठही गाड्यांना नवे गिअरबॉक्स आले. दस्तगीरभाईंचं काम टिकलं. पण त्यांना आनंद कमी आणि पाहुण्याला राबवल्याची खंत जास्त! मुद्दाम वर्कशॉपात येऊन म्हणाले, "ताई, साहेबास्नी पत्र धाडा. म्हणावं, पन्हाळ्याला परत एकदा चला. ह्या खेपंला हात मांडीवर ठिवून बसायचं."

साहेब खरंच आले. मी पुन्हा खिडकीशी, साहेब मध्ये. घाटात दुसरा गिअर पडला तसा त्यांचा हात आपोआप दांड्याकडे गेला… आणि दस्तगीरभाईंनी तो हलकेच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. वर पोचेपर्यंत गिअर जागचा हलला नाही. या असल्या माणसांच्या तक्रारी लिहायची नोकरी मला मिळाली, हे माझं भाग्यच.