चांगल्या डोळ्याचं ऑपरेशन

"गेलेला डोळा सोडून तुमी चांगल्या डोळ्याला काहून हात लावून राहिल्या?"

काशीबाईंचे मालक टेबलासमोर उभे होते. सेनगावकडचं मेंढपाळ कुटुंब. मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर. जिल्हा नवा होता, ओपीडी जुनीच.

काशीबाईंचा डावा डोळा गेला तो असा. एका संध्याकाळी डोळा आणि डोकं ठणकायला लागलं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, उलट्या सुरू झाल्या. गावात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. उतार पडेना, तेव्हा घरच्यांनी तापल्या सळईने कानशिलावर डाग दिला. मेंढरू लंगडलं तरी ते डागतात. डागाची जखम भरली की दुखणं जातं, म्हणून ती भरायची वाट पाहिली. माझ्याकडे आल्या तेव्हा डोळा दगडासारखा कडक होता, टॉर्चचा उजेडही कळत नव्हता.

हा काचबिंदूचा एक प्रकार. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक कोनातून वाहून जातं. काहींचा कोन अरुंद असतो. एखाद्या दिवशी तो बंद होतो, पाणी तुंबतं, दाब वाढतो, नस मरते. मेलेली नस परत येत नाही. दुसऱ्या डोळ्याचा कोनही बहुधा तसाच. म्हणून तो बंद व्हायच्या आधीच त्या डोळ्यातल्या रंगीत पडद्याला कडेला छिद्र पाडून पाण्याला वाट करून द्यायची. लेझर आमच्याकडे नव्हतं. कात्रीनेच करायचं.

"डाव्याचं काय करता मग?" मालकांनी विचारलं.

"दुखणं कमी करीन. नजर येणार नाही."

"म्हंजे फुटका तसाच, अन् साजरा फोडायचा."

बाकावरून काशीबाई म्हणाल्या, "बाई, ह्या एका डोळ्यावर मेंढरं राखते. म्हाताऱ्याला तर कोकरू अन् कुत्रं वळखू येत न्हाई."

बाहेर रांग होती, मी सकाळपासून बोलून थकले होते. मालकांना विचारलं, "कळपात एक मेंढरू रोगाने मेलं, की जनावरांचा डॉक्टर सुई कुणाला टोचतो? मेलेल्याला?"

ते म्हणाले, "चांगल्याईला."

"मग?"

"टोचूनबी एखादं मरतंच की."

"मरतं. म्हणून टोचायचं सोडता का?"

काशीबाईच उठल्या. "कुठं निजू, ते सांगा."

ऑपरेशन नीट झालं. काही वर्षांनी त्या जवळच्या चष्म्यासाठी आल्या, एकट्या, जीपने. उजवा डोळा ठणठणीत होता. बाकावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, "ह्या बाईनं माझा चांगला डोळा कापला. काय फरक न्हाई पडला बगा. आधी दिसायचं तेवढंच दिसतंय."

ते ऐकून शेजारची बाई पिशवी उचलून निघाली. तिलाही मी तेच ऑपरेशन सांगितलं होतं.

मोतीबिंदू काढला की लोक पेढे आणतात. असलेली नजर टिकली, याचे पेढे अजून कोणी आणलेले नाहीत.

शिपायाला पाठवून त्या बाईला फाटकातून परत आणलं. तिच्याकडे मेंढरं नव्हती, म्हशी होत्या. मी म्हशींपासून सुरुवात केली.