आप्पांची रेंजची वही

सुकलालआप्पांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "बाकीचं कोणी सांडलं?"

मी तेव्हा सिल्वासाच्या एका मोबाइलच्या दुकानात काउंटरला बसायचे. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान. समोर साठीचा एक उंच, वाळका माणूस उभा होता. शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला, हातात जुना फोन. गळकी बादली परत आणून ठेवावी तसा तो फोन त्यांनी काउंटरवर ठेवला.

"माय, आठ दिवसांपूर्वी तुमच्याकडून नेट भरलं. रोजचं ठरलेलं मिळंल म्हणून शेठनी सांगितलं. मी बंद ठेवलं, थेंब वापरला नाही. म्हटलं, साठू दे, लागंल तेव्हा एकदम काढू. काल काढायला गेलो तर एका दिवसाचंच निघालं. अर्ध्या तासात खडखडाट. बाकीचं गेलं कुठे?"

मला हसू आलं. "काका, डेली लिमिट असतं ते. कॅरी फॉरवर्ड होत नाही."

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. असे शब्द तोंडात घोळवायला मला आवडायचं, हे आज कबूल करते. आप्पा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हां. आता हेच मराठीत सांग."

मी पुन्हा सांगितलं. जमलं नाही. मग त्यांच्या बोलण्याचा हेल ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, "तुम्ही कुठले?" म्हणाले, "शिंदखेड्याकडचे." माझे वडीलही तिकडूनच कंपनीत कामाला आलेले. तिकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. आलं की घरातलं सगळं भरून ठेवायचं, तांब्यासुद्धा, हे आमच्या रक्तातच आहे. मी म्हटलं, "आप्पा, असं समजा, रोज रात्री बाराला कोणीतरी येतं, तुमचा हंडा उपडा करतं आणि ताजा भरून जातं. कालचं पाणी आज चालत नाही."

आप्पांनी फोन हंड्यासारखा उपडा करून पाहिला. "असं शे का!" ते म्हणाले. "म्हणजे हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी कधी दुष्काळ पाहिला नाही."

फोन तपासला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आठ दिवसांच्या उपाशी फोननं नेट मिळताच स्वतःचेच अपडेट ढोसले होते. मी ते बंद करून दिले. मागून शेठ म्हणाले, "बेन, धंदा करायला बसलीस की क्लास घ्यायला? दोन्ही सिमवर मोठा पॅक मार ना काकांना." मोठा पॅक मी मारला नाही. त्याचं कारण आप्पांनी मग सांगितलेली गोष्ट.

तीस वर्षं ते एका सुताच्या कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर कंपनीनं मोडीत काढलेली कामगारांची मिनीबस त्यांनी घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. मागे दोघांपुरता पलंग, त्याखाली धान्याचे डबे, खिडकीपाशी शेगडी, टपावर पाण्याची टाकी. मागच्या दाराला रंगाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता. सिल्वासाजवळ सामरवरणीत, जिथे ते खोली घेऊन राहायचे, सगळे तिला घरगाडी म्हणत. गावोगावच्या पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत हिंडायचं, असा त्यांचा बेत होता. "तीस वर्षं चाकं फिरायची आणि मी जागेवर," ते म्हणायचे. "आता मला घेऊन फिरू दे."

अडचण जिजींची होती. जिजी म्हणजे त्यांची बायको. त्यांची नात गार्गी सहा वर्षांची होईपर्यंत जिजींपाशीच वाढली, मग लेक सुनंदाताई तिला शाळेसाठी नाशिकला घेऊन गेली. गार्गी बोलताना अडखळायची. वर्गात वाचायला उभी राहिली की मुलं हसायची, म्हणून तिनं शाळेत वाचणंच सोडलं. फक्त एका माणसासमोर ती घडाघडा वाचायची, ते म्हणजे जिजी. कारण जिजींना अक्षरओळख नव्हती. चूक काढणारं समोर कोणी नाही म्हटल्यावर पोरीची जीभ सुटायची. रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लागायचा, गार्गी धडा वाचायची आणि जिजी मधून मधून नुसतं "हं" म्हणायच्या. खोलीवर होते तोवर जिजींच्या फोनवर, शेजाऱ्याच्या वायफायवर भागत होतं.

म्हणून जिजींची अट होती. "कुठे न्यायचं तिथे न्या. पण सहाला पोरगी दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी उतरले म्हणून समजा, आणि गाडी भंगारवाल्याला."

आदल्या दिवशी, पहिल्याच मुक्कामाला, साठवलेल्या नेटच्या भरवशावर लावलेला कॉल धड्याच्या मध्येच तुटला होता. "एक माफ केलं तिनं," आप्पा म्हणाले. "दुसरं नाही करायची. चाळीस वर्षं ओळखतो मी तिला." आणि खाली आवाजात, "मोठे पॅक मला झेपायचे नाहीत, माय. डिझेल पण भरायचं आहे."

मग मी त्यांना स्वस्तातला मार्ग काढून दिला. एक कार्ड रोजच्या वापराचं. दुसरं दुसऱ्या कंपनीचं, सगळ्यात लहान पॅकचं, कारण डोंगरात एकाचा टॉवर नसतो तिथे दुसऱ्याचा लागतो. आणि मुख्य म्हणजे, रेंज असेल तिथे जे लागणार ते आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचं. नकाशे, जिजींची भजनं, गिरणीच्या मोटारींची माहिती. म्हणजे डोंगरातलं नेट फक्त गार्गीसाठी उरतं. हे त्यांना एका वाक्यात समजलं. "म्हणजे नळ आला की भरून घ्यायचं. हे तर आम्हाला जन्मापासून येतं!"

त्या दिवसापासून घरगाडी अथालच्या बाजूनं चांगल्या रेंजमध्ये शिरली की आप्पा स्टिअरिंगवरून ओरडायचे, "नळ आला!" आणि जिजी दोन्ही फोन काढून बसायच्या.

आप्पांनी एक वही घातली. कंपनीत मशीनच्या दुरुस्तीची नोंद जशी करायचे तशीच, शाईच्या पेनानं. "अथाल, वडाखाली: दोन्ही कार्डं पूर्ण. भरून घेणे." "खानवेल, बाजाराच्या मागे: पहिलं बरं, दुसरं मेलेलं." "दुधनी, गिरणीच्या ओट्यावर: बांबू लागतो." बांबू म्हणजे त्यांची युक्ती. एक फोन लांब बांबूच्या टोकाला बांधून वर चढवायचा, त्याचं हॉटस्पॉट चालू ठेवायचं आणि खाली दुसऱ्या फोनवर बोलायचं. पहिल्यांदा उन्हानं तापू नये म्हणून त्यांनी फोन स्टीलच्या डब्यात घालून वर चढवला. रेंज पार गेली. दुकानात येऊन स्वतःच सांगत होते, "तीस वर्षांचा फिटर मी, आणि लोखंडात कोंडून विचारतो, बाबा ऐकू येतं का!" मग जिजींनी कापडी पिशवी शिवून दिली.

त्यांचं एक वाक्य मी पाठ केलं आहे. "माहीत नसलेलं विचारायला लाज कसली? माहीत नसताना नट फिरवायला लाज पाहिजे." सिल्वासाला आले की दर खेपेला नवं काही विचारायला यायचे. मला "ग्रॅज्वेट माय" म्हणायचे, निकाल लागायच्या आधीपासून. मी म्हणायचे, "आप्पा, अजून पास व्हायचं आहे." ते म्हणायचे, "मशीन चालू आहे ना? माल निघंलच."

माझी शेवटची परीक्षा संपली तेव्हा जिजींनी मला दोन दिवस घरगाडीत राहायला बोलावलं. दुधनीला, धरणाच्या काठच्या गावात, गिरणीचं काम होतं. ते उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खानवेलच्या रेंजमध्ये यायचं, असं पक्कं ठरलं होतं. कारण त्या दिवशी अकराला गार्गीच्या शाळेत वाचनाची स्पर्धा होती. तिनं आपण होऊन नाव दिलं होतं. तिचीही एक अट होती, आजीचीच नात ती: आईचा फोन फ्रॉकच्या खिशात राहील आणि त्यातून आजीचं "हं" ऐकू आलं पाहिजे.

सकाळी नऊला घरगाडीचा क्लच गेला.

आप्पा गाडीखाली शिरले आणि काळेठिक्कर होऊन बाहेर आले. "संध्याकाळच्या आत नाही होत." खानवेलकडे जाणारी जीप निघून गेली होती. गिरणीच्या ओट्यावर बांबू चढवला. पण त्या दिवशी रेंजची एकच काडी यायची, जायची. त्यावर कॉल लागत नव्हता. जिजींनी आपलं लुगडं घडी करून पिशवीत भरायला घेतलं. आप्पांनी ते पाहिलं. मग ते वही घेऊन पायरीवर बसले आणि एकेक पान उलटू लागले.

एका पानावर ते थांबले. "दुधनी, पाण्याच्या मधोमध, होडीवर: दुसरं कार्ड तीन काड्या." कधीतरी होडीचं इंजिन दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी सवयीनं लिहून ठेवलं होतं.

"मी नाही जायची," जिजी म्हणाल्या. "पाणी मी हंड्यात बघितलं आहे. एवढं एका जागी नाही बघितलं."

"मग राहा," आप्पा म्हणाले. "मी 'हं' म्हणतो."

"तुम्ही? तुम्ही मध्येच सल्ला द्याल!" असं म्हणत जिजींनी पदर खोचला आणि आमच्या आधी धक्क्याकडे चालू लागल्या.

धरणाच्या मधोमध नावाड्यानं इंजिन बंद केलं. "आता हलू नका," तो म्हणाला, "होडी फिरली की टॉवर फिरतो." जिजींनी एका हातानं फळी, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं होतं. तीन काड्या आल्या. कॉल लागला. गार्गीचं तोंड दिसलं आणि लगेच तुकडे तुकडे होऊन थिजलं. मी म्हटलं, "जिजी, चित्र बंद केलं तर आवाज नीट येईल. आवाजाला नेट थोडं लागतं. पण मग ती दिसणार नाही."

आप्पा जिजींकडे बघत होते. दिसली पाहिजे, हीच तर त्यांची अट. गाडी राहणार की जाणार, ते त्या एका शब्दावर होतं.

"बंद कर ते तोंड," जिजी म्हणाल्या. "मला ती पाठ आहे."

"आजी, तू आहेस का?"

"आहे माय. वाच."

मग खिशातून येणारे आवाज. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी नाव पुकारलं, आणि गार्गी वाचू लागली. दोन ओळी सरळ गेल्या. तिसऱ्या ओळीत एका शब्दावर ती अडकली. पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा. मग काहीच नाही. लांबून कोणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. आप्पांच्या ओठांवर तो शब्द आला होता, मी शपथेवर सांगते, पण त्यांनी मूठ तोंडावर दाबून धरली.

जिजी म्हणाल्या, "हं."

कसलीच घाई नाही, कसलाच आग्रह नाही. ओसरीवर तांदूळ निवडत बसावं तसं "हं". आणि पोरीनं तो शब्द ओलांडला. पुढे शेवटपर्यंत ती थांबली नाही. टाळ्या फोनमधून मोहरी तडतडावी तशा आल्या आणि रेंज गेली. जिजींनी माझं मनगट सोडलं तेव्हा तिथे चार बोटं उमटली होती. आप्पांनी खिशातून पेन काढलं, होडीतच वही उघडली आणि त्या नोंदीपुढे लिहिलं, "फक्त आवाज. पुरेसा."

परतल्यावर जिजींनी पिशवीतलं लुगडं काढून पुन्हा दोरीवर टाकलं.

पुढे सहाएक महिन्यांनी गार्गीनंच सांगितलं, "आजी, आता रोज नको. बाई वर्गात मलाच वाचायला सांगतात. आपण रविवारी करू." जिजी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आनंद पचायलाही वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी आप्पांना म्हणाल्या, "टाकी भरा. अट संपली. आता नेट नाही तिथे पण चालंल."

निघायच्या दिवशी आप्पा मला भेटायला आले. मी पास झाले होते, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि दुकान सोडून सामरवरणीच्या एका क्लासमध्ये संगणक शिकवू लागले होते. त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "इथली रेंज आता तुझी. आम्ही तोरणमाळवरून नर्मदेकडे जाऊ राहिलो. तिकडची नवी वही घालंन."

माझ्याकडे कंपन्यांतले कामगार शिकायला येतात, काही माझ्या वडिलांच्या वयाचे. एखादा गोंधळलेला दिसला की मला काउंटरपलीकडचा आवाज ऐकू येतो, "आता हेच मराठीत सांग." मग मी आधी विचारते, तुम्ही कुठले, काम काय करता. तिथून सुरुवात करते.

तीन आठवडे आप्पांचा काहीच पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. मग परवा क्लास चालू असताना माझा फोन थरथरू लागला, तो थांबेचना. एकामागून एक फोटो उतरत होते. डोंगरातली वाट, एक उघडलेली गिरणी, घाटात उभी घरगाडी, बांबूला लटकलेली पिशवी. शेवटच्या फोटोत खूप मोठं पाणी, त्यावर होडी, आणि होडीच्या टोकाला कशालाही न धरता बसलेल्या जिजी.

खाली आप्पांचा आवाज होता. "ग्रॅज्वेट माय, नळ आला!"

आणि मागून, निवांत, "हं."